खेकडा, बँकर आणि चौथी सीट

लेगोच्या पिवळ्या माणसाला मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट कधीही मिळणार नाही. उंचीला तो चार सेंटीमीटर. आपला पावणेसहा फुटी माणूस त्याच्याएवढा करायचा तर ४४ पट लहान करावा लागतो. पण हा ठेंगू कमरेलाच १६ मिलिमीटर रुंद आहे. त्याला ४४ने गुणलं की ७० सेंटीमीटर होतात, आणि ते सदानकदा बाजूला काढलेले हात धरले तर हिशोब मीटरच्या आसपास जातो. तिघांचा बाक दोघांतच भरतो. वर पाय गुडघ्यात वाकत नाहीत, त्यामुळे समोरच्याच्या पोटात बूट. ‘जरा सरकून घ्या’ म्हणायची सोयच नाही.

लेगोच्या प्लास्टिकच्या विटांतून आपल्या आगगाड्या रचणं हा माझा छंद, आणि तरी गाडीचं माप मी त्याच्याच उंचीवरून धरते. कारण लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर साधारण ३८ मिलिमीटर आहे आणि आपलं ब्रॉडगेज १६७६. भागून बघा, पुन्हा ४४च येतात. लेगोचं माहेर असलेल्या, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लोकांनी काही कल्याण-कसारा डोळ्यांसमोर ठेवून रूळ पाडले नव्हते, पण पत्रिका जुळली खरी. मी हरखून पुढचं गणित मांडलं. चेन्नईच्या कारखान्यातला आपला जुना आयसीएफ डबा २१ मीटरहून थोडा लांब, म्हणजे १:४४ला साडेअठ्ठेचाळीस सेंटीमीटर. रुंदी सव्वातीन मीटर, म्हणजे ७४ मिलिमीटर. लेगोच्या विटेवरच्या गोल बटणांना या छंदातले लोक स्टड म्हणतात आणि दोन स्टडमध्ये ८ मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे डबा सव्वानऊ स्टड रुंद. हे सव्वा कुठून आणायचं?

आणि वळण? लेगोचे वळणाचे १६ रूळ जोडले की एक वर्तुळ पूर्ण होतं, त्याची त्रिज्या ३२ सेंटीमीटर. खऱ्या ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा तीव्र वळण चालत नाही. तेच १:४४ला घरात आणायचं तर आठ मीटर व्यासाचं वर्तुळ लागेल. आमचा हॉल, स्वयंपाकघर आणि मधली भिंत पाडून शेजारच्या जोशीकाकूंचा हॉल, एवढं एकत्र केलं तर कदाचित बसेल. काकूंना अजून विचारलेलं नाही.

म्हणजे खोटं बोलणं आलंच. माझ्या मते या छंदात करण्यासारखं मुख्य काम तेच आहे, कुठे खोटं बोलायचं ते ठरवणं. विटा एकमेकींवर दाबणं कुणालाही जमतं. अर्कचित्र काढणारा जसा सगळा चेहरा सोडून नाक आणि चष्मा पकडतो, तसं गाडीचं नाक आणि चष्मा कोणता ते सापडावं लागतं. बाकी सव्वानऊचे आठ करा, साठ स्टडचा डबा पन्नासवर आणा, बारा खिडक्यांच्या आठ करा. कुणी मोजत नाही.

पण विटेपुढे आपली मनमानी चालत नाही. आजची वीट आहे ती १९५८ सालची. वर बटणं आणि आत पोकळ नळ्या, या जोडणीचं पेटंट त्या वर्षीच्या जानेवारीत दाखल झालं आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर घट्ट बसते. विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ प्लेटची ३.२, म्हणजे तीन प्लेटांची एक वीट. आता गंमत बघा. पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन स्टडची रुंदीही १६. त्यामुळे विटा आडव्या पाडून, बटणं बाजूला करून लावता येतात आणि सगळं पुन्हा मापात येतं. डब्याच्या अंगावरचे आडवे पट्टे, इंजिनाच्या तोंडावरची जाळी, दाराच्या कडा, हे सगळं याच पाचास दोनच्या गणितावर उभं असतं. नवखा माणूस उभ्या विटा रचत जातो आणि त्याचं इंजिन पायऱ्यापायऱ्यांचं होतं. मुरलेल्या माणसाच्या इंजिनावर बटणं शोधावी लागतात.

हल्ली हे रचणं आधी संगणकावर होतं. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५मध्ये एलड्रॉ नावाची प्रणाली केली आणि फुकट वाटली. दोनच वर्षांनी तो गेला. आज जगभरचे लोक ज्या आज्ञावल्यांत मॉडेलं रचतात, त्यांतल्या बऱ्याच त्याच पायावर उभ्या आहेत. पडद्यावर विटा कितीही मिळतात आणि हव्या त्या रंगात मिळतात. खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण तो तुकडा त्या रंगात कधी काढलेलाच नाही हे मागवायच्या वेळी कळतं. असलाच तर युरोपातल्या कुठल्याशा विक्रेत्याकडे सात तुकडे असतात आणि आपल्याला बारा हवे असतात. त्यात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२०मध्ये २०वरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७०. त्यामुळे माझी निम्मी आगगाडी पडद्यावरच धावते. पडद्यावरच्या इंजिनाला वजन नसतं हेही तिथेच विसरायला होतं.

माझं पहिलं मनासारखं इंजिन म्हणजे खेकडा. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, १९२८च्या सुमाराला घाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेलं विजेचं इंजिन, पुढे त्याला डब्ल्यूसीजी-१ म्हणायला लागले. मधे कॅब, दोन्हीकडे लांब नाकं, आणि विजेचं असूनही वाफेच्या इंजिनासारखी चाकांना जोडलेली दांडकी. स्वित्झर्लंडमधल्या त्याच्या भावंडांना तिकडे मगर म्हणतात, आपल्या रेल्वेवाल्यांनी खेकडा म्हटलं. त्यातलं ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभं आहे. आमच्यासारख्यांना हे इंजिन आवडण्यामागे एक स्वार्थ आहे. ते मुळातच सांध्यांत वाकतं. सह्याद्रीच्या वळणांसाठी केलेली ती सोय माझ्या ३२ सेंटीमीटरच्या वळणावर आयती कामाला येते. एकसंध इंजिन तिथे वळलं की त्याचं नाक रुळाबाहेर हातभर जातं आणि टेबलावरचा चहाचा कप घेऊन जातं.

दांडक्यांनी मात्र घाम काढला. डावीकडचं दांडकं आणि उजवीकडचं दांडकं पाव फेरीने पुढेमागे लागतं. दोन्ही एकाच वेळी टोकाला पोचली तर चाकं अडकून बसतात, पुढे जायचं की मागे हेच त्यांना कळत नाही. खऱ्या वर्कशॉपमध्ये हे काटेकोर काम असतं. लेगोत आस अधिक चिन्हासारखा असतो, त्यामुळे चाक बसतं तेच नव्वद अंशांच्या हिशोबात, आणि निम्मं काम फुकट होतं. तीन चाकांतल्या मधल्याला फ्लँज, म्हणजे रुळाला धरून ठेवणारी कड, द्यायची नाही, नाहीतर वळणावर गाडी ओरडते. कडेच्या चाकांवर बारीक रबरी कडी चढवायची, नाहीतर प्लास्टिकवर प्लास्टिक घसरतं आणि इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहतं.

हे सगळं झाल्यावर कल्याणच्या मामाला बोलावलं. मामा रेल्वेत ड्रायव्हर होता आणि नोकरीच्या सुरुवातीला खेकड्यावर असिस्टंट होता. तेव्हा ती इंजिनं उतरणीला लागली होती, शंटिंगला वापरायचे. मी धाकधुकीत गाडी सोडली. कॅबच्या खिडक्या मी कमी केल्या होत्या, लांबी कमी केली होती. मामाने बसल्या जागेवरून एक फेरी बघितली, दुसरी बघितली.

“पेंटो खाली का गं?” पेंटो म्हणजे टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा.

“मामा, घरात तार कुठेय? आत सहा पेन्सिल सेल आहेत. नाकात.”

“सेल असू देत. गाडी चालतेय आणि पेंटो खाली? कसं दिसतं ते!”

मी तिथल्या तिथे बारीक दांड्या आणि क्लिपा जोडून पेंटो उभा केला. तार अर्थातच नव्हती, पेंटो हवेलाच टेकलेला. मामाचं समाधान झालं. खिडक्यांबद्दल त्याने आजतागायत चकार शब्द काढलेला नाही. या इंजिनाचं नाक आणि चष्मा काय ते मी स्वित्झर्लंडच्या आराखड्यांत शोधत होते, ते मामाने चहा पिता पिता सांगितलं.

पुढची मागणीही त्याचीच. “सपाटीवर खेकडा काय फिरवतेस? घाट कर.” मी हिशोबाला बसले. सरळ रूळ १६ स्टडचा, म्हणजे १२८ मिलिमीटर. दर रुळाखाली एक एक प्लेट वाढवत गेलं तर १२८ला ३.२चा चढ, म्हणजे चाळीसास एक. आणि बोरघाट? सदतीसास एक! मी ते कागदावर बघून टाळीच वाजवली. एका रुळाला एक प्लेट, इतक्या सोप्या हिशोबात बोरघाट जवळपास जसाच्या तसा घरात येतो. इथे खोटं बोलावंच लागत नाही.

जागा मात्र लागते. गाडीखालून गाडी जाण्याइतकं, बारा सेंटीमीटर, वर चढायचं तर सदतीस-अडतीस रूळ, म्हणजे पावणेपाच मीटरहून जास्त. इथेही जुने लोक मदतीला आले. १८६३मध्ये बोरघाट सुरू झाला तेव्हा वर खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी एका आंधळ्या फाट्यावर जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. आमच्या पुस्तकांच्या कपाटापाशी मी तेच केलं.

चढावर डबे तुटायला लागले. लेगोचे डबे लोहचुंबकाने जोडलेले असतात. इंजिनामागच्या पहिल्या चुंबकावर सगळ्या गाडीचा भार येतो आणि तो ‘टक्’ करून सुटतो. मग डबे उलटे कर्जतच्या दिशेने, म्हणजे सोफ्याखाली. मामा हे बघून खूश झाला. “अगं म्हणून तर बँकर लावतात. सगळ्यांना वाटतं ताकद कमी पडते म्हणून. पुढे ताकद वाढवशील, पण कपलर तुटेल त्याचं काय? मागून ढकललं की पुढच्या कपलरवरचा ताण जातो.” कर्जतला गाडी थांबते आणि मागे इंजिन लागतं हे लहानपणापासून वडापाव खात बघितलेलं, कारण मात्र सोफ्याखाली वाकून डबे काढताना कळलं. आता माझ्याही गाडीला मागे बँकर आहे. एकाच मोबाइलवरून दोन्ही इंजिनं चालतात. मागचं जरा जोरात गेलं तर मधले डबे वळणावर बाहेर फेकले जातात, तेव्हा त्याचा वेग एका घराने कमी ठेवायचा.

विमानांचं तंत्र निराळं. गाडी चौकोनी असते, विटेची जात चौकोनीच, त्यामुळे भांडण कमी. विमानात एक रेघ सरळ नाही. आणि १:४४चा हट्ट तिथे सोडावाच लागतो. एअर इंडियाचं पहिलं जम्बो, १९७१चं ‘एम्परर अशोक’, त्या मापाने एक मीटर साठ सेंटीमीटर लांब होईल, म्हणजे जवळपास माणसाच्या उंचीएवढं. खिडक्यांभोवतीच्या त्या लाल महिरपी सोडल्या तर ते जम्बो एअर इंडियाचं वाटणारच नाही, आणि नेमक्या महिरपीच विटेत होत नाहीत. तो नाद मी सोडला.

त्यापेक्षा जेआरडी टाटांचं पस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ला टपाल घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला ज्या जातीच्या विमानातून उतरले, ते एवढंसं विमान. पंखांची लांबी अकरा मीटर, १:४४ला जेमतेम २५ सेंटीमीटर. ३२ स्टड! जमलं म्हणेस्तोवर लक्षात येतं, लेगोची सगळ्यात पातळ प्लेटसुद्धा त्या मापाने १४ सेंटीमीटर जाड आहे. खऱ्या पंखाची मागची कड कापडाची, माझी उंबरठ्याएवढी. पंखाखालच्या तिरक्या काठ्यांचंही तेच, सगळ्यात बारीक दांडी वापरली तरी विमान पहिलवानाच्या हातापायांचं दिसतं. काठ्या काढून टाकल्या तर पंख लोंबतात, शिवाय ते पस मॉथ राहत नाही. ठेवल्या, आणि जाडी कमी दिसावी म्हणून काळ्या केल्या. खरं पस मॉथ हँगरमध्ये ठेवताना पंख मागे दुमडता यायचे. ती सोय बिजागरीच्या तुकड्यांनी नीट होते, शोकेसमध्ये जागाही वाचते. आईला विमानाची एवढीच गोष्ट पटली आहे.

सध्या घरात वाद चालू आहे तो गणपतीच्या देखाव्याचा. यंदा मखराभोवती घाट करायचा असं मामाने परस्पर जाहीर करून टाकलंय. आईचं म्हणणं, आरतीच्या वेळी गाडी बंद पाहिजे आणि निरांजन प्लास्टिकपासून हातभर लांब. मामाचं म्हणणं, कर्जतला थांबा पाहिजे आणि फलाटावर टोपलीवाला वडापाववाला पाहिजे. माझी अडचण वेगळी. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ गाडी पळवायची तर दोन्ही इंजिनांचे मिळून बारा सेल लागतात, चार्जर एका वेळी चारच घेतो, आणि वडापाववाल्याला फलाटावर उभा केला की त्याच्या पसरलेल्या हातांना जाणाऱ्या गाडीचा डबा घासतो.