गोळीचा आणि मशेरीचा हिशेब

रविवार, रात्र. यावल.

दुपारी धाकटी बहीण माझ्या शेजारी शेंगा सोलत बसली होती. मध्येच हात थांबवून तिने विचारले, "ताई, हाई मनी गोयीमुये व्हयनं का?" (हे माझ्या गोळीमुळे झाले का?) भाचा आता पाच वर्षांचा आहे. अंगणवाडीत गोष्ट संपेपर्यंत तो बसत नाही, रंगवायला घेतलेले चित्र अर्धे टाकून उठतो आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे त्याला फार जड जाते.

अपघातानंतर कमरेसाठी सुरू झालेल्या अफूवर्गीय वेदनाशामक गोळ्यांची तिला सवय जडली होती. ती सोडवण्यासाठी डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी दिली आणि तो उपचार चालू असतानाच तिला दिवस गेले. तेव्हा "आजच्या आज बंद कर" असे मीच तिला दरडावले होते. गरोदरपणात हे औषध एकदम तोडले तर मूळ गोळ्यांकडे परत वळण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी ते चालू ठेवले, हे मला फार उशिरा कळले. जन्मानंतर ते औषध मिळेनासे झाल्याने बाळ तिसऱ्या दिवशी थरथरू लागले, कर्कश रडू लागले, तेव्हाही मी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती ती विसरलेली नाही, आणि मीही नाही.

रात्री बरेच वाचले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 131 नवजात बाळांची तुलना होती. मेथाडोन (अशीच सवय सोडवण्यासाठी दिले जाणारे दुसरे औषध) घेणाऱ्या मातांच्या बाळांना सरासरी 17.5 दिवस रुग्णालयात राहावे लागले, तर ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना 10 दिवस. त्यांतील काही मुलांची तीन वर्षांची होईपर्यंत तपासणी झाली, तेव्हा विकासात काळजी वाटावी असा ठळक फरक आढळला नाही. मात्र नॉर्वेतील एका पाहणीत, गरोदरपणी पाच आठवडे किंवा त्याहून अधिक काळ अफूवर्गीय वेदनाशामके घेणाऱ्या मातांच्या मुलांत अवधानाच्या विकाराचे (एडीएचडीचे) निदान, कमी काळ घेणाऱ्यांच्या मुलांपेक्षा अधिक दिसले. ज्या दुखण्यासाठी औषध घेतले ते दुखणे, घरातला ताण, तंबाखू आणि आनुवंशिकता यांचा वाटा त्यातून पूर्णपणे वेगळा काढणे कठीण असते. अवधानाच्या विकारात तर आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

तंबाखूपाशी मी थांबले. बहीण त्या नऊ महिन्यांत रोज मशेरी लावत होती, आमच्या घरातल्या सगळ्याच बायका लावतात, आणि मशेरीबद्दल कोणीही, मीसुद्धा, चकार शब्द काढला नव्हता. दोष द्यायला गोळी सोयीची होती, कारण ती एकटीची होती.

शिवाय अवधान ही एकच गोष्ट नाही. टिकवणे, वळवणे आणि हात आवरणे ही तीन वेगळी कामे आहेत. हाच मुलगा केळीच्या बागेत ठिबकच्या नळीपाशी उकिडवा बसून थेंब मोजतो तेव्हा त्याला तीनदा हाक मारावी लागते. मग त्याची अडचण टिकवण्यात आहे की आवरण्यात, हे आम्ही कोणी नीट पाहिलेच नाही.

बहिणीला मी एवढेच सांगितले, "गोळीचाही थोडा वाटा असेल, नसेलही, पण ती घेऊन तू त्याला सांभाळलेस." ती काही बोलली नाही, शेंगा सोलत राहिली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्ह्याच्या केंद्रात तपासणी होते. या आठवड्यात त्याला जळगावला न्यायचे आहे, आणि तीन हाका का लागतात ते कळावे म्हणून कानही तपासून घ्यायचे आहेत.