13 मे, पुणे

आज सव्वाबारालाच गच्चीवर जाऊन बसले. फरशीवर स्टीलचा एक उंच डबा उभा ठेवला, शेजारी घड्याळ. डब्याच्या पश्चिमेला बोटभर काळी कोर होती. ती बारीक होत होत 12 वाजून 31 मिनिटांनी डब्याखाली शिरली. चहूबाजूंनी नुसतं ऊन. फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मिनिटभरात साताऱ्याहून फोन आला.

"गेली का गं सावली?"

"गेली."

दरवर्षी यापुढे त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "थांब, सरांना सांगतो." आज दोघंही गप्प राहिलो. सर नोव्हेंबरात गेले. त्यांच्याशिवायचा हा पहिला मे.

आम्ही 1988 च्या दहावीची ब तुकडी. सर भूगोल शिकवायचे. 1987 च्या मे महिन्यात, नववीची परीक्षा होऊन सुट्टी लागलेली असताना, त्यांनी निरोप धाडला की 10 तारखेला साडेअकराला शाळेच्या मैदानावर या, सूर्य बरोबर डोक्यावर येणार आहे. ऊन मी म्हणत होतं. आई म्हणाली, मास्तरांना काही कळतं का? तरी आम्ही बावीसजण गेलो.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा अगदी माथ्यावरून जातो, एकदा उत्तरेकडे जाताना आणि एकदा परतताना. परततो तो जुलै-ऑगस्टात, तेव्हा शाळा उघडलेली असते पण साताऱ्याला आभाळ नसतंच, नुसते ढग. म्हणून सुट्टीत बोलावलं होतं. साताऱ्याचे अक्षांश 17 अंश 41 मिनिटं. सूर्य विषुववृत्तापासून किती अंश सरकलाय त्याला पंचांगात रविक्रांती म्हणतात. ती साताऱ्याच्या अक्षांशांशी जुळते तो आपला दिवस. तोवर क्रांती म्हणजे भगतसिंग एवढंच मला ठाऊक होतं.

सरांनी एक काठी रोवली आणि विचारलं, "ही सरळ उभी आहे कशावरून?" आम्ही सगळे म्हणालो, दिसतेय की सरळ. मागून आवाज आला, "ओळंबा लावाय लागंल, सर."

तो गवंड्याचा मुलगा. शेवटच्या बाकावर बसायचा, भूगोलात त्याला कधी पस्तीस मिळाले नाहीत. सरांनी त्याला घरी पिटाळलं. पळत जाऊन तो वडलांचा ओळंबा घेऊन आला. सुताच्या दोरीला लोखंडी लोळक, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. एका बाजूनं लावून बघितला, मग काटकोनात दुसऱ्या बाजूला जाऊन. "दोन्ही अंगानं बघाय लागतं, सर." काठी चांगली दोन बोटं कलली होती. सर त्याला म्हणाले, "हे परत सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं." त्यानं सांगितलं. दोरी कुठं लागतेय ते मी वाकून बघत होते. मी म्हणाले, "जरा उजवीकडे." दहावी संपेपर्यंत मी त्याच्याशी बोललेलं हे एवढंच वाक्य. मुलंमुली एकमेकांशी बोलतच नसत तेव्हा.

बारा वाजले. सावली होतीच! आम्ही हिरमुसलो. सर नुसते हसले. घड्याळातले बारा मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचे, म्हणाले, आपले अजून यायचेत. एका अंशाला 4 मिनिटं, साडेआठ अंशांची 34. त्यातून मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या तीन-चार मिनिटं पुढे असतो, ती वजा करा. साडेबाराला काठीची सावली गेली. अजिंक्यताऱ्याकडे पाठ करून आम्ही बावीसजण आपापल्या पायांकडे बघत उभे होतो, पायाखाली एवढंसं काळं. मला एकदम भीतीच वाटली होती, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या मुलाला आम्ही त्या दिवसापासून ओळंबा म्हणतो. तो आता साताऱ्यात घरं बांधतो. ग्रुप त्यानंच काढला, एकेकाचा नंबर शोधून. पहिली दोन वर्षं ग्रुपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार यायचे, निम्मे लोक सोडूनही गेले. मग एका मेमध्ये त्यानं बांधकामावरच्या खांबाचा फोटो टाकला, सावली नसलेला. खाली लिहिलं होतं, "17 अंश 41. पुढचं गाव कुणाचं?"

तेव्हापासून हे चालू आहे. पणजी 2 मेला, कोल्हापूर 6, सातारा 10, पुणे 13, मुंबई 15, नाशिक 20 आणि नागपूर 26. एखादा दिवस इकडेतिकडे होतो. सूर्य एकेकाच्या दारावरून वर सरकत जातो आणि आम्ही एकमेकांना फोन करतो. मुलाचं लग्न, गुडघेदुखी, कुणाची नोकरी गेली, सगळं त्याच फोनवर कळतं. काहीतरी करून दाखवायचं असतं म्हणून आम्ही टिकलो, नुसत्या आठवणींवर नसतो टिकलो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सरांकडे साधा फोन होता. ओळंबा फोटो घेऊन त्यांच्या घरी जायचा आणि सर दोनशे पानी वहीत हजेरी मांडायचे. काकूंनी ती वही आता त्याच्याकडे दिली आहे. दिवसकार्याच्या वेळी मी ती पाहिली. रकाने आखलेले, नाव, गाव, अक्षांश, तारीख. दिल्लीवाली कर्कवृत्ताच्या पलीकडे, तिची सावली कधीच जात नाही. मला वाटलं होतं तिथं गैरहजर असेल. सरांनी लिहिलं होतं, "21 जून. मीटरभर काठीला 9 सें.मी. हजर." न्यू जर्सीवाल्यापुढे 31 सें.मी. आणि हजर. एका वर्षी मी रुग्णालयात होते, फोटो टाकला नव्हता. माझ्यापुढे सरांनी तारीख लिहून पुढची जागा कोरी सोडली होती. काट मारली नव्हती.

आज फोन ठेवण्यापूर्वी मी ओळंब्याला विचारलं, हजेरी कोण मांडणार?

"मांडली की मगाशी. माझं अक्षर घाण हाय, पण मांडली."

परवा मुंबई. आभाळ मोकळं राहू दे.