आमची वाटचाल : रविवारची पाटी

आमचा छापखाना अहिल्यानगरचा, म्हणजे जुन्या अहमदनगरचा आहे. याच शहरातून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागले आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे नावही या शहराशी कायमचे जोडले गेले, त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणूस आणि छपाई यांचे नाते येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माझे वडील खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवणारे कामगार होते. आणीबाणीनंतरच्या काळात त्यांनी एक जुने ट्रेडल छपाईयंत्र हप्त्यांनी घेतले आणि लग्नपत्रिका, बिलबुके व पावतीपुस्तके यांच्या बळावर धंदा उभा केला.

वडील रोज पहाटे प्रार्थना करत. छापखान्याच्या दारावर मात्र ‘रविवारी यंत्र दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी असे. यंत्र दर रविवारी बिघडत नाही, हे गिऱ्हाइकांनाही कळत असावे. खरे कारण, म्हणजे रविवारची उपासना, लिहिले तर मंगलकार्याची पत्रिका छापायला आपल्याकडे कोण येईल, अशी त्यांना धास्ती होती आणि चार लेकरांच्या बापाला त्याबद्दल दोष देण्याचा मला अधिकार नाही.

धंदा माझ्याकडे आल्यावर ती पाटी मला टोचू लागली. होय ते होय आणि नाही ते नाही, असे प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो आणि आम्ही तर त्याच्या उपासनेला जाण्यासाठीच दर आठवड्याला खोटे बोलत होतो! तरीही ‘रविवारी उपासनेसाठी बंद’ अशी नवी पाटी रंगवून घ्यायला मला दोन वर्षे लागली. लग्नसराईत काही गिऱ्हाइके तुटली, परंतु बहुतेकांनी नुसते वाचले आणि शनिवारी प्रूफ तपासून दिले. पत्रिकेवर ‘श्री गणेश प्रसन्न’ कसे छापता, असे आमच्या चर्चच्या मंडळीतील काहींनी विचारले. माझ्या मते ती त्या घरची श्रद्धा आहे आणि तिच्यात शुद्धलेखनाची चूक होऊ न देणे हे माझे काम आहे.

अधिक कठीण प्रसंग निवडणुकीच्या दिवसांत आला. एक कार्यकर्ते मुद्रकाचे नाव न घालता पत्रके छापून मागत होते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-क नुसार मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापावेच लागतात, शिवाय प्रकाशकाचे साक्षांकित घोषणापत्र घ्यावे लागते, हे मी त्यांना सांगितले. “सगळेच छापतात,” असे ते म्हणाले. कायद्याची ढाल पुढे करून मला सुटता आले असते, पण मी ख्रिस्ती आहे आणि नाव लपवून कोणतेही काम करणार नाही, असे त्या दिवशी मी प्रथमच गिऱ्हाइकासमोर मोठ्याने म्हणालो. काम गेले आणि कागदवाल्याची उधारी महिनाभर लांबली.

अजूनही एखादे नवे गिऱ्हाईक पाटी वाचत दारातच थांबले की माझ्या पोटात गोळा येतो. मग मी उठून त्यांना आत बोलावतो.