बारा हात, सोळा हात

स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवा, असा शाळेचा निरोप आला आणि डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभा राहिला तो आफ्रिकेचा नकाशा. कापडावर डकवलेला, घड्यांवर फाटलेला आणि खिळ्याला उलटा टांगलेला.

तो उलटा टांगला होता आमच्या इतिहास-भूगोलाच्या सरांनी. मी तेव्हा सहावीत होतो. इजिप्तचा धडा सुरू करताना सरांनी विचारलं, "नाईल कुठून कुठे वाहते, कोण दाखवतं?" मी धावत पुढे गेलो, छडी घेतली आणि भूमध्य समुद्रापासून खाली आफ्रिकेच्या पोटात रेघ ओढली. पाणी वरून खाली येतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, नकाशाची वरची बाजू म्हणजे डोंगर नव्हे." मग त्यांनी नकाशा काढला, डोकं खाली पाय वर करून टांगला आणि म्हणाले, "आता इजिप्तच्या माणसासारखं बघा."

त्या तासाला जे कळलं ते आजही जसंच्या तसं सांगता येईल. प्राचीन इजिप्तचा माणूस दिशा ठरवताना तोंड करायचा दक्षिणेकडे, जिकडून नदी येते तिकडे. म्हणून त्याच्या भाषेत 'उजवा' आणि 'पश्चिम' यांना एकच शब्द, 'डावा' आणि 'पूर्व' यांनाही एकच. सरांनी आम्हाला वर्गात उभं केलं, सूर्य उगवतो त्या खिडकीकडे तोंड करायला लावलं आणि विचारलं, "उजवा हात कुठे आहे?" दक्षिणेला. "दक्षिण या शब्दाचा अर्थच उजवी. आपले पूर्वज सूर्याकडे तोंड करून उभे राहिले, ते नदीकडे तोंड करून उभे राहिले." दक्षिणेचा इजिप्त 'वरचा' आणि उत्तरेचा, समुद्राकाठचा 'खालचा' का, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

फळ्यावर त्यांनी दोन होड्या काढल्या. एकीला शीड, दुसरीचं शीड उतरवलेलं. नदी उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळ उत्तरेकडून दक्षिणेकडे. उत्तरेला जायचं तर प्रवाहाबरोबर सुटा, दक्षिणेला जायचं तर शीड उभारा. त्यांच्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' लिहिताना शीड उभारलेली होडी काढतात. रस्ते, गाड्या नसताना शेकडो मैलांचा देश एका राजाच्या हाताखाली कसा राहिला, धान्य आणि दगड इकडून तिकडे कसे गेले, याचं बरंचसं उत्तर त्या दोन होड्यांत होतं.

आमची शाळा कृष्णाकाठची. पूर आम्हाला नवा नव्हता. घाटाची कितवी पायरी बुडाली यावरून शाळा सुटायची. सर म्हणाले, आपल्या घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो त्याच महिन्यांत तिकडे इथिओपियाच्या पठारावरही कोसळतो, आणि ते गढूळ पाणी पाऊस माहीत नसलेल्या देशात भर उन्हात चढतं. पूर ओसरला की मागे काळा गाळ. त्या काळ्या मातीवरून ते आपल्या देशाला 'केमेत' म्हणत, काळी भूमी. पलीकडचं वाळवंट 'देश्रेत', तांबडी. आमच्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात, त्यामुळे हे शब्द परके वाटलेच नाहीत. त्यांचे ऋतू तीन, चार-चार महिन्यांचे: अखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पाणी उतरल्यावर पेरणी आणि उगवण, शेमू म्हणजे सुगी. पेरेत आणि पेरणं हा नुसता योगायोग, असं सरांनी बजावलं. पण त्यामुळे तो शब्द आम्ही कुणी कधी विसरलो नाही.

पाणी किती चढलं हे ते नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर खुणा करून मोजत. माप 'हात'. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आपल्यासारखंच. आपला हात चोवीस बोटांचा, त्यांचा राजहात अठ्ठावीस बोटांचा, सुमारे 52 सेंटिमीटर. सरांनी सुतळी देऊन प्रत्येकाचा हात मोजायला लावला. माझा सगळ्यांत आखूड भरला. मग रोमन लेखक प्लिनीने नोंदवलेला हिशेब आमच्याकडून पाढ्यासारखा म्हणवून घेतला: बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ, तेरा हात तरी भूक, चौदा हात हसू, पंधरा हात निर्धास्त, सोळा हात आनंदीआनंद. त्याहून जास्त चढलं तर बांध फुटायचे, घरं विरघळायची. घरं कच्च्या विटांची होती.

पिरॅमिड सरांनी शेवटच्या दहा मिनिटांत उरकले. तेव्हा आम्ही हिरमुसलो होतो. आज वाटतं, त्यांनी बरोबर केलं. आधी नदी आणि माणसं कळल्याशिवाय खुफू राजाच्या पिरॅमिडचा मूळचा 146 मीटरचा डोंगर नुसतं आश्चर्य होऊन राहतो. तो गुलामांनी बांधला असं आम्ही धरून चाललो होतो. 1990 मध्ये गिझाला बांधकामावरच्या कामगारांच्या कबरी सापडल्या, राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, परलोकासाठी भाकरी आणि बिअरची भांडी सोबत दिलेल्या. गुलामांना कुणी असं पुरत नाही.

पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो. कालव्याच्या कामावर रोजंदारीच्या माणसांचा हजेरीपट लिहायचं काम बरीच वर्षं केलं. त्याच काळात देइर अल-मदिना या गावाबद्दल वाचायला मिळालं. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. तिथला दगडाच्या चिपेवर लिहिलेला एक हजेरीपट आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं 40 वं वर्ष, म्हणजे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा. कोण कधी गैरहजर, आणि लाल शाईत कारण. एकाला विंचू चावलेला. एकाचे डोळे दुखतायत. एकजण बिअर गाळण्यात गुंतलेला, एकजण आईच्या अंत्यविधीत. विंचू आणि डोळे ही दोन कारणं मी स्वतःच्या हाताने कितीदा लिहिली असतील. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या कारागिरांना पगार धान्यात मिळे. महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोतं जव. तो गहू म्हणजे आपल्या भागातला खपलीच. दळण पाट्यासारख्या दगडावर, बायका गुडघे टेकून करायच्या. भाकरीत वाळू आणि दगडाची कच जायची, त्यामुळे ममींचे दात झिजलेले सापडतात. सोबत कांदा आणि बिअर. तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या वर्षी हे धान्य थकलं, तेव्हा कारागीर हत्यारं टाकून निघाले आणि एका देवळामागे जाऊन बसले. आम्ही भुकेले आहोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानला जातो.

याच गावातल्या नाउनाख्त नावाच्या बाईचं मृत्युपत्रही शिल्लक आहे. आठ मुलं वाढवली, म्हातारपणी काहींनी पाहिलं नाही, म्हणून ज्यांनी हात दिला त्यांनाच माझं मिळेल, असं तिने साक्षीदारांसमोर सांगितलं. तिच्या नावावर तिची मालमत्ता होती आणि ती कुणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकारही. मी हे आईला वाचून दाखवलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "परत वाच."

निवृत्तीनंतर इजिप्तला जाऊन आलो. संग्रहालयात थडग्यांतल्या चिमुकल्या बाहुल्या पाहिल्या, शब्ती म्हणतात त्यांना. परलोकातही शेत कसायला, काठाला पाणी द्यायला, वाळू वाहायला बोलावणं येईल, तेव्हा धन्याच्या बदली या बाहुलीने म्हणायचं, "मी हजर आहे." तसं मंत्रात लिहिलेलंच असतं. सरांची रोजची हजेरी कानात वाजली.

अस्वानजवळ एलिफंटाइन बेटावर ते मोजमापाचे जिने अजून आहेत. उंच धरण 1970 मध्ये पुरं झालं. पूर आता तिथे येत नाही, पाणी निळं आणि संथ असतं. एका जिन्याने मी खाली उतरलो. भिंतीवर हात, मुठी आणि बोटांच्या खुणा कोरलेल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. एका खुणेला कोपर टेकवलं आणि बोटं ताठ करून वरच्या खुणेकडे ताणली. चार बोटं कमी पडली.