तुम्ही विचारलंत म्हणून: तीन यंत्रांची मापं, एकच जाळं

‘टोटल स्टेशन, जीएनएसएस आणि लेव्हल, तिन्हींची मापं एकाच अ‍ॅडजस्टमेंटमध्ये घालायची तर फाइल कशी लावता?’ सर्वेक्षणात नव्याने आलेली मुलं मला हे नेहमी विचारतात. (टोटल स्टेशन कोन आणि अंतर मोजतं, जीएनएसएस उपग्रहांवरून जागा काढतं, लेव्हल उंचीतला फरक देतं. अ‍ॅडजस्टमेंट म्हणजे सगळी मापं एकत्र जुळवून बिंदूंच्या जागा काढणं.) त्यांना सॉफ्टवेअरचं नाव हवं असतं. मी बिंदूंच्या नावांपासून सुरुवात करतो आणि त्यांचा हिरमोड होतो.

लेव्हलच्या वहीत ‘बीएम ३’, टोटल स्टेशनमध्ये ‘बीएम०३’, जीएनएसएसच्या फाइलमध्ये ‘बी३’. खांब एकच, हे आपल्याला कळतं. सॉफ्टवेअर तीन बिंदू धरतं आणि मापांनी जोडलेल्या बिंदूंचं जाळं तिथेच उसवतं. उलटंही होतं. अँटेना खांबाच्या माथ्यावरच्या खुणेवर आणि लेव्हलचा स्टाफ (मापपट्टी) बाजूच्या गोळ्यावर धरला असेल, तर एका खांबावर दोन बिंदू आहेत आणि त्यांना दोन नावं हवीत. ही यादी फोटोंसकट पुरी होईपर्यंत मी मापांना हात लावत नाही.

मापं मात्र घेतली तशीच ठेवायची. टोटल स्टेशनचे तयार निर्देशांक मला नकोत. आडवा कोन, उभा कोन, तिरकं अंतर, यंत्राची आणि प्रिझमची (किरण परत पाठवणाऱ्या काचेची) उंची द्या. अंतर कुणी परस्पर नकाशाच्या ग्रिडवर आणलं असेल तर घोळ होतो: यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणात मध्य रेखावृत्तावर स्केल ०.९९९६ असतं, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटीमीटरचा फरक. जीएनएसएसचे बेसलाइन (दोन रिसीव्हरांमधली अंतर-दिशा) कोव्हेरियन्ससकट, म्हणजे त्यांच्या चुका किती आणि एकमेकींशी कशा जोडलेल्या हे सांगणाऱ्या आकड्यांसकट, घ्यायचे. चार रिसीव्हर एकाच वेळी चालवले की सहा बेसलाइन निघतात, पण स्वतंत्र तीनच. सहाही घातले तर जाळं उगाच मजबूत दिसतं. लेव्हलच्या उंचीफरकासोबत ओळीची लांबी लिहायची, कारण चूक लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि मापाचा भार (त्याला किती महत्त्व द्यायचं) त्यावरून ठरतो. शिवाय लेव्हलची उंची जवळजवळ जिऑइडपासूनची (सरासरी समुद्रपातळीसारखा पृष्ठभाग), जीएनएसएसची एलिप्सॉइडपासूनची (पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार). मधला फरक जिऑइड मॉडेलमधून घेतल्याशिवाय त्या एका रकान्यात बसत नाहीत.

मग प्रत्येक यंत्राचा गट आधी एकटा, कमीत कमी बंधनांवर (जाळं जागेवर राहण्यापुरतंच पक्कं धरून) चालवायचा. व्हेरियन्स फॅक्टर (प्रत्यक्ष चुका आणि धरलेली अचूकता यांची तुलना) १ च्या आसपास आला नाही तर त्या गटाच्या अचूकतेचे आकडे तपासायचे. बेसलाइनचे आकडे बहुधा फाजील आशावादी असतात, आणि माहितीपत्रकातल्या अचूकतेत ट्रायपॉड खुणेवर नीट न बसल्याचे एक-दोन मिलिमीटर कुणी धरलेले नसतात. गट सुटे सुधारले की मगच एकत्र.

हा क्रम मी एका फजितीनंतर पाळू लागलो. एका कामात अंतरांचे रेसिड्युअल (मोजलेलं आणि जुळवलेलं यांतले फरक) एकाच बाजूला झुकलेले, पण नेमका आकडा हाती येईना. लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे अ‍ॅडजस्टमेंटची गणिती पद्धत, एकाची चूक शेजाऱ्यांत वाटून टाकतं, त्यामुळे निर्दोष कोनही बदनाम होतात. दोन दिवस मी कोनांवरच संशय घेतला. शेवटी मापं वेळेनुसार लावली, तेव्हा दिसलं की झुकलेली सगळी अंतरं दुपारनंतरची आहेत. फील्डबुकाच्या समासात पेन्सिलीने दोन शब्द होते: ‘प्रिझम बदलला’. नव्या प्रिझमचा कॉन्स्टंट (मोजलेल्या अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती) ३० मिलिमीटरने वेगळा होता आणि यंत्रात जुनाच राहिला होता. फाइलमध्ये ते नोंदवायला जागाच नव्हती.

आता माझ्या फाइलमध्ये प्रिझमच्या नंबरासाठी वेगळा रकाना असतो. तो रिकामा असला की ती ओळ मी परत पाठवतो.