तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेसमेंट टेस्टचा अभ्यास करायचा का?

मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, गणित शिकवते. विद्यार्थ्याला कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं हे ठरवायला इथे प्लेसमेंट टेस्ट घेतात. प्रवेशाचे दिवस आले की तिच्याबद्दल ओळखीपाळखीतून ठरलेला प्रश्न येतो. कधी नुकतीच हायस्कूल संपवलेल्या मुलाचे आईबाबा विचारतात, तर कधी भारतात बी.कॉम. करून इथे आलेली आणि मुलं हाताशी आल्यावर पुन्हा शिकायला निघालेली एखादी ताई. "कॉलेजनं प्लेसमेंट टेस्ट द्यायला सांगितलीय. त्यात पास-नापास नसतं म्हणे. मग अभ्यास कशाला? जाऊन देऊन टाकावी ना?"

तशी देऊन टाकू नका. आधी अभ्यास करा.

पास-नापास नसतं हे खरं. कम्युनिटी कॉलेजात या टेस्टमुळे कुणाचा प्रवेश नाकारला जात नाही. पण गुण ठरावीक रेषेच्या खाली आले की कॉलेजच्या गणिताऐवजी रेमेडियल वर्ग, म्हणजे शाळेतलं गणित पक्कं करून घेणारा वर्ग, नेमून दिला जातो. त्याची फी भरावी लागते, वेळही पूर्ण सेमिस्टरचा जातो आणि त्याची क्रेडिट्स (श्रेयांक) पदवीत धरली जात नाहीत. शिवाय असा एकच वर्ग असेल असंही नाही. काही ठिकाणी आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचं बीजगणित आणि त्यानंतर कॉलेजचं गणित अशी रांग असते. सरकारी आर्थिक मदत घेणार असाल, तर रेमेडियल वर्गांसाठी ती साधारण एका शैक्षणिक वर्षापुरतीच, म्हणजे ३० सेमिस्टर क्रेडिट्सपर्यंत मिळते.

मला पैशांपेक्षा या रांगेची काळजी जास्त वाटते. कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटरच्या थॉमस बेली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं, की ज्यांना रेमेडियल वर्गांची मालिका नेमून दिली जाते, त्यांच्यातले निम्म्याहून कमी विद्यार्थी ती पूर्ण करतात. जवळजवळ ३० टक्के तर पहिल्या वर्गालाही नाव नोंदवत नाहीत. नापास होऊन बाहेर पडणाऱ्यांपेक्षा पहिल्या किंवा पुढच्या वर्गाला न येणारेच जास्त. म्हणजे ही मुलं गणितात हरली असं म्हणता येत नाही. "तुझी तयारी नाही" असं एका आकड्यानं सांगितलं, ते त्यांनी खरं मानलं आणि शिकणंच सोडलं.

तो आकडा तरी किती भरवशाचा? याच संस्थेच्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन, पीटर क्रॉस्टा आणि क्लाइव्ह बेलफिल्ड यांनी २०१४ साली दोन मोठ्या कॉलेज-यंत्रणांमधली माहिती तपासली. त्यांच्या हिशोबानं टेस्ट देणाऱ्यांपैकी गणितात साधारण चारातला एक आणि इंग्रजीत तिनातला एक विद्यार्थी सपशेल चुकीच्या वर्गात जात होता. सपशेल म्हणजे, वरच्या वर्गात बी किंवा त्याहून चांगली श्रेणी सहज मिळाली असती असा विद्यार्थी रेमेडियलला, किंवा नापास होण्याचीच शक्यता जास्त असलेला विद्यार्थी वरच्या वर्गात. यातल्या चुका बहुतेक एकाच बाजूच्या होत्या. ज्यांना खाली बसवायची गरज नव्हती, त्यांना खाली बसवलं गेलं होतं. हायस्कूलच्या चार वर्षांच्या श्रेणी पाहिल्या असत्या तर हे बरंच टळलं असतं, असंही त्यांना आढळलं.

मला यात नवल वाटत नाही. एका बैठकीतली टेस्ट तुम्हाला त्या दिवशी काय आठवतं तेवढंच सांगते. पंधरा वर्षं अपूर्णांकांची बेरीज हातानं न केलेल्या बाईला ती जमली नाही, तर तिला गणित येत नाही असं होत नाही. थोड्या उजळणीत तिला सगळं आठवतं. ती उजळणी टेस्टच्या आधी झाली तर काही तासांत भागतं, नंतर झाली तर त्यात सेमिस्टर जातं. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

यावर काही पालक प्रामाणिकपणे विचारतात, "अभ्यास करून गुण वाढले आणि न झेपणाऱ्या वर्गात गेला तर?" मला हा प्रश्न आवडतो, कारण त्यात मुलाची काळजी असते. पण एकेकाळी येत असलेली गोष्ट पुन्हा घासूनपुसून घेणं म्हणजे टेस्टला फसवणं नव्हे. शिवाय वरच्या वर्गात मदत मिळाली तर मुलं तग धरतात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत प्राथमिक बीजगणिताचा रेमेडियल वर्ग लागणाऱ्या ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत विभागणी केली होती. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या रेमेडियल बीजगणितात ३९ टक्के उत्तीर्ण झाले, तर थेट कॉलेजच्या संख्याशास्त्राला बसवून जोडीला दर आठवड्याची कार्यशाळा दिलेल्या गटातले ५६ टक्के. वरचा विषय आणि निकाल मात्र जास्त! मी हे आकडे पुन्हा पुन्हा सांगते, कारण घराघरांत याच्या उलटं गृहीत धरलेलं असतं.

काही राज्यांनी यातून धडा घेतला. फ्लोरिडात २०१३ च्या कायद्यानं तिथल्या सरकारी हायस्कूलमधून आलेल्या बहुतेकांना ही टेस्ट ऐच्छिक झाली. कॅलिफोर्नियात २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानं कम्युनिटी कॉलेजांना हायस्कूलच्या श्रेणींवरून वर्ग ठरवायला लावलं. एसीटी या परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं तर आपली कंपास ही प्लेसमेंट टेस्ट २०१६ मध्ये बंदच केली. पण सगळीकडे असं झालेलं नाही. म्हणून आधी कॉलेजला विचारा, की टेस्ट द्यायलाच हवी का? हायस्कूलचा जीपीए (श्रेणींची सरासरी), एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण चालतील का? भारतातली पदवी असलेल्या ताईंनी तर हे नक्की विचारावं. तिकडच्या गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यमापन करून देणाऱ्या संस्था आहेत. कॉलेजात केलेलं गणित किंवा संख्याशास्त्र त्यात मान्य झालं, तर गणिताच्या टेस्टमधून सूट मिळू शकते. हे कुणी आपणहून सांगत नाही.

टेस्ट द्यावीच लागली तर तिचा स्वभाव ओळखून घ्या. अनेक कॉलेजांत कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची अ‍ॅक्युप्लेसर ही टेस्ट असते. तिचे गुण २०० ते ३०० मध्ये मिळतात. गणिताच्या तीन पातळ्या आहेत आणि प्रत्येकीत २० प्रश्न असतात. टेस्टला वेळेचं बंधन नसतं, त्यामुळे घाई करणं म्हणजे स्वतःचं नुकसान. घड्याळ लावून परीक्षा देण्याची सवय झालेली आपली मुलं इथे हमखास धावतात. पुढचा प्रश्न तुमच्या आधीच्या उत्तरांवरून निवडला जातो, म्हणून प्रश्न अवघड होत चालले तर घाबरू नका, ते चांगलंच लक्षण आहे. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागे येऊन उत्तर बदलताही येत नाही. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही. ज्या प्रश्नाला लागेल, तिथे तो पडद्यावर दिसतो. म्हणून सराव कागद-पेन्सिलीनंच करा.

अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर, घातांक, एकचल समीकरणं, रेषेचा चढ यांची उजळणी आधी करा. भारतात शिकलेले विद्यार्थी बीजगणितात सहसा अडत नाहीत. ते अडतात शाब्दिक उदाहरणांत, मैल-गॅलन-फुटांत आणि बॉक्स प्लॉटसारख्या आकृत्यांत. कॉलेज बोर्डाचे सरावाचे प्रश्न मोफत मिळतात, तेवढे पुरतात. त्यासाठी महागडा क्लास लावू नका.

आणि टेस्ट देऊन झाली असेल, गुण कमी आले असतील, तरी मिळालेल्या वर्गात मुकाट नाव नोंदवू नका. सल्लागाराला तीन गोष्टी विचारा: पुन्हा टेस्ट देता येते का आणि किती दिवसांनी, हायस्कूलच्या श्रेणी पाहून वर्ग बदलून मिळेल का, आणि कॉलेजच्या वर्गाबरोबरच जादा मदतीचा तास जोडलेला को-रिक्विझिट वर्ग आहे का. गुणपत्रिका सोबत घेऊन जा. हे सगळं नोंदणीच्या आधी करा, सेमिस्टर सुरू झाल्यावर वर्ग बदलणं फार कठीण जातं.