तुम्ही विचारलंत म्हणून: 'गॉडी नाइट' थेट वाचायला घेऊ का?

वाचता येईल, पण निम्मी मजा जाईल. डोरोथी सेयर्स यांच्या या १९३५ च्या रहस्यकादंबरीआधी निदान 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) वाचाच. प्रियकराला विष घातल्याच्या आरोपातून रहस्यकथा लिहिणाऱ्या हॅरिएट व्हेनला हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी सोडवतो ते तिथे. त्या उपकाराचं ओझं माहीत नसेल, तर ती त्याला लग्नाला सतत नकार का देते ते कळत नाही. मधलं 'हॅव हिज कार्केस' राहिलं तरी चालेल.

दुसरी तक्रार: खून कुठाय? नाहीच. ऑक्सफर्डमधल्या श्रूजबरी या काल्पनिक महिला कॉलेजात (सेयर्सबाईंनी ते बेलियल कॉलेजच्या क्रिकेट मैदानावर वसवलं आणि प्रस्तावनेत माफीही मागितली) निनावी घाणेरड्या चिठ्ठ्या फिरतात, मिस लिडगेटच्या छंदशास्त्रावरच्या ग्रंथाच्या प्रुफांची नासधूस होते. पोलिसांना बोलवायचं, तर वर्तमानपत्रांत बभ्रा होणार; म्हणून छडा लावायचं काम हॅरिएटकडे येतं. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली १९२० मध्ये. स्वतः सेयर्स समरव्हिल या तिथल्या खऱ्या महिला कॉलेजातून १९१५ लाच पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या होत्या. त्याच समरव्हिलच्या, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, पदवी हातात पडली १९२२ मध्ये. इतक्या उशिरा मिळालेली जागा एका बदनामीने जाऊ शकते, ही धास्ती कथानक पुढे ढकलते.

वाचक अडकतात ते सुरुवातीच्या शंभरेक पानांत. डझनभर प्राध्यापिका एकदमच समोर येतात आणि सगळ्या 'मिस अमुक'. एका कागदावर नाव, विषय किंवा पद (डीन, पैशांचा कारभार पाहणारी बर्सर, कॉलेजप्रमुख म्हणजे वॉर्डन) आणि प्रत्येक घटनेच्या वेळी ती कुठे होती, एवढं लिहीत चला. हॅरिएटही नोंदी ठेवतेच. किल्ल्या आणि वेळा महत्त्वाच्या आहेत, पण सगळ्यांत महत्त्वाच्या आहेत स्टाफरूममधल्या गप्पा. विम्झी जेवायला येतो त्या रात्री वाद रंगतो: संशोधकाने पुरावा दडपला, तर त्याच्या बायकामुलांचा विचार करून गप्प बसावं का? कंटाळून ही पानं उलटलीत, तर शेवटचा उलगडा आकाशातून पडल्यासारखा वाटेल.

आणि 'बसमन्स हनिमून' (१९३७) आधी हाती लागलं, तर बाजूला ठेवा. त्याच्या नावातच निकाल फुटलाय.